इचलकरंजीहून ब्रॅडफर्डला : लोकरीच्या शहरातली भटकंती

उत्तर इंग्लंडला गेलेली आपली माणसं यॉर्कचं कॅथीड्रल पाहतात, लेक डिस्ट्रिक्टची तळी पाहतात, क्रिकेटवेडी असतील तर हेडिंग्लेला पाय लावून येतात. ब्रॅडफर्ड सहसा कुणाच्या यादीत नसतं. आमच्या यादीत मात्र ते सगळ्यात वर होतं, कारण आम्ही यंत्रमागांच्या इचलकरंजीचे. माझ्या माहेरी माग, सासरीही माग. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि कांड्या, म्हणजे मागाला लागणाऱ्या सुताच्या नळ्या, भरायला बसायचं, असं माझं बालपण. यजमानांनी साध्या मागांवर तीस-पस्तीस वर्षं धंदा केला. पुढे परवडेना म्हणून माग भंगारात विकले, तेही वजनावर. लेक इचलकरंजीच्याच डीकेटीई महाविद्यालयातून वस्त्र अभियांत्रिकी शिकली आणि पुढच्या शिक्षणासाठी लीड्सला गेली. तिचा प्रबंध सादर झाला आणि दसरा आटोपून आम्ही दोघं ऑक्टोबर २०२५ मध्ये तिच्याकडे पोहोचलो. लीड्सहून ब्रॅडफर्ड रेल्वेनं जेमतेम वीस मिनिटं. रोज जा-ये करण्यापेक्षा तिथेच राहू, असं लेकीनं ठरवलं होतं आणि ते फार बरं झालं.

दोन शब्द लोकरीविषयी. लोकरीचं सूत दोन तऱ्हांनी होतं. आखूड तंतूंचं फुगीर सूत कांबळी-ब्लँकेटांना जातं. लांब तंतू विंचरून, एका दिशेला लावून, पिळदार सूत कातलं की ते वर्स्टेड. सुटाचं गुळगुळीत, पडणारं कापड याचं. ब्रॅडफर्ड म्हणजे या वर्स्टेडची राजधानी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे लहानसं बाजाराचं गाव होतं. १८५१ पर्यंत लोकवस्ती लाखाच्या वर गेली. दगडी कोळसा जवळच, डोंगरातलं मऊ पाणी लोकर धुवायला उत्तम, आणि वाफेवर चालणाऱ्या गिरण्या. गाव इतक्या वेगानं फुगलं की माणसं तळघरांत राहू लागली.

शुक्रवार : घड्याळाचा मनोरा आणि जर्मन पेढ्या

स्टेशनातून बाहेर पडलो तर ऊन. लेक म्हणाली, "आई, फोटो काढून घे, तासाभरात जाईल." तसंच झालं. ब्रॅडफर्ड एका वाडग्यासारख्या खोलगट जागेत वसलंय. मध्यभागी शहर, चहूबाजूंनी चढ, आणि चढावर पिवळसर वालुकाश्माच्या घरांच्या रांगा. शंभर वर्षं गिरण्यांच्या धुरानं हाच दगड काळाठिक्कर पडला होता. बहुतेक इमारती आता धुऊन काढल्यात. एखादी राहून गेलेली काळी भिंत दिसली की बाकीच्या कशा दिसत असतील ते कळतं.

सिटी हॉल १८७३ चा. त्याचा उंच घड्याळ-मनोरा फ्लॉरेन्सच्या राजवाड्यावरून बेतलेला आहे. लोकरीचे व्यापारी इटलीपर्यंत माल विकायचे, तिथली ऐट त्यांनी घरी आणली. समोरच्या चौकात २०१२ साली केलेलं उथळ तळं आहे, त्यात कारंजी. थंडी असूनही पोरं बूट-मोज्यांसकट पाण्यात नाचत होती. त्यांच्या आया कुणी सलवार-कमीजमध्ये, कुणी जीन्समध्ये, कुणी हिजाबात, सगळ्या एकाच सुरात ओरडत होत्या. २०२५ हे ब्रॅडफर्डचं ब्रिटनची 'संस्कृती नगरी' म्हणून साजरं होणारं वर्ष होतं, त्यामुळे जागोजागी फलक, रंगीत कनाती, आणि माहिती द्यायला उत्साही स्वयंसेवक.

तिथून पाच मिनिटांवर वूल एक्स्चेंज, म्हणजे लोकरीचा सट्टा-सौदा जिथे चालायचा ती इमारत. १८६७ साली पूर्ण झालेली. आत आता पुस्तकांचं दुकान आहे. छत लाकडी, उंच, कोरीव, ग्रॅनाइटचे खांब. ज्या फरशीवर व्यापारी उभ्या-उभ्या सौदे करत, तिथे कथा-कादंबऱ्यांची मांडणी. वर माडीवर कॉफी मिळते, तिथं बसून सगळा दरबार न्याहाळता येतो. हे मात्र आत आलेच नाहीत. बाहेरच्या भिंतीवर मान वर करून उभे. तिथे दगडात कोरलेले चेहरे आहेत: जेम्स वॅट, आर्कराइट, कोलंबस, कॅप्टन कुक, स्थानिक गिरणीमालक टायटस सॉल्ट, आणि त्यांच्यात जाकार. इचलकरंजीत ज्याला सगळे जेकार्ड म्हणतात, त्या नक्षीच्या मागाचा कर्ता. "इतकी वर्षं नाव घेतोय, तोंड आज बघितलं," हे म्हणाले.

संध्याकाळी लिटल जर्मनी. हा भाग चुकवू नका. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीहून आलेल्या, बहुतांश ज्यू, व्यापाऱ्यांनी इथे कापडाच्या पेढ्या-गोदामं बांधली. पाच-पाच मजली, राजवाड्यासारखे दरवाजे, त्यांवर दगडी गरुड, फुलं, वेलबुट्टी. रस्ते मात्र अरुंद आणि चढाचे. वरच्या मजल्यांवर मोठ्या खिडक्या, कारण कापड पारखायला उत्तरेचा सारखा उजेड लागतो. ही खिडक्यांची गोष्ट लेकीनं सांगितली आणि ह्यांनी लगेच दुजोरा दिला. आमच्याकडेही माल दिवसाउजेडीच पाहतात, ट्यूबलाइटखाली डाग लपतो. संगीतकार फ्रेडरिक डिलियस याच व्यापारी समाजातला, त्याचा बाप लोकरीचा जर्मन व्यापारी. आज इथे कचेऱ्या आणि सदनिका आहेत. शुक्रवारी सहानंतर चिटपाखरू नव्हतं, पायांचा आवाज भिंतींवरून परत येत होता.

जेवण: या शहराची कढई प्रसिद्ध. मटणाची कढई मागवली, सोबत गरम चपात्या, आणि त्यांचे वेगळे पैसे नाहीत! तिखट आमच्या कोल्हापुरी जिभेला मध्यम, पण मटण शिजवण्याचा हात अस्सल. तांबड्या-पांढऱ्याशिवाय कशालाच चांगलं न म्हणणाऱ्या यजमानांनी रस्सा चपातीनं पुसून घेतला.

*जाणाऱ्यांसाठी:* ब्रॅडफर्डला दोन स्टेशनं आहेत, फॉर्स्टर स्क्वेअर आणि इंटरचेंज, आणि ती रुळांनी एकमेकांना जोडलेली नाहीत. मधलं अंतर चालत दहा मिनिटांचं. सॉल्टेअरची गाडी फॉर्स्टर स्क्वेअरवरून, हॅलिफॅक्सची इंटरचेंजवरून सुटते. तिकीट काढताना स्टेशन नीट बघा. छत्रीपेक्षा टोपीवालं जाकीट बरं, इथला वारा छत्रीचं काही ठेवत नाही.

शनिवार : मॅनिंगहॅम, मखमल आणि मंगला धरण

सकाळी लंब लेनच्या बाजूला नाश्ता केला. हलवा, पुरी, छोले. गल्ल्यावरच्या बाईंनी आम्ही कुठले विचारलं. महाराष्ट्र म्हटल्यावर "बॉम्बे?" असा प्रश्न आलाच. इचलकरंजी समजावून सांगताना मी 'कपड़े का शहर' म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "ये भी था." आणि चहाचे पैसे घेतले नाहीत.

चढ चढत मॅनिंगहॅममध्ये शिरलो. बोलंड स्ट्रीटवर एक ज्यू प्रार्थनास्थळ आहे, १८८१ चं, लाल-पिवळ्या पट्ट्यांच्या दगडाचं, अरबी धाटणीच्या कमानींचं. लिटल जर्मनीतल्या त्या व्यापाऱ्यांनी बांधलेलं. त्यांची मुलंनातवंडं दुसरीकडे गेली, मंडळी मोजकी उरली, छप्पर गळायला लागलं, विकायची वेळ आली. तेव्हा शेजारच्या मुस्लिम मंडळींनी पुढाकार घेऊन पैसे उभे करायला मदत केली आणि ते वाचलं. आम्ही बाहेरूनच पाहिलं. मला ही इमारत सबंध प्रवासात सगळ्यात जवळची वाटली.

मग लिस्टर मिल. लांबूनच धुराडं दिसत राहतं, २४९ फूट उंच, चौकोनी, इटालियन मनोऱ्यासारखं घडवलेलं. सॅम्युअल लिस्टर हा लोकर विंचरण्याच्या यंत्रामुळे गब्बर झालेला माणूस. पुढे त्यानं टाकाऊ रेशमातून सूत काढायची युक्ती बसवली आणि या गिरणीत रेशीम, मखमल, प्लश निघू लागलं. जुनी गिरणी जळाल्यावर १८७१ ते ७३ मध्ये ही बांधली. पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणाची मखमल इथली. १९७६ मध्ये अमेरिकेच्या व्हाइट हाउसचे मखमली पडदेही इथेच विणले गेले. १९९२ मध्ये गिरणी बंद पडली.

आज अर्ध्या भागात महागड्या सदनिका आहेत, छतावर काचेच्या नव्या खोल्या चढवल्यात. उरलेला भाग रिकामा. खिडकीतून झुडपं बाहेर आलेली.

याच दारात डिसेंबर १८९० मध्ये संप झाला. अमेरिकेनं त्या वर्षी परदेशी मालावर जबर आयातशुल्क बसवलं, मखमलीची निर्यात घटली आणि मालकानं मजुरी कापायचं ठरवलं, काहींची पाव, काहींची जवळजवळ तिसरा हिस्सा. हजारो कामगार बाहेर पडले, त्यांत बायका-मुली बहुसंख्य. एप्रिलपर्यंत तग धरला आणि मग उपासमारीनं हरून परत कामावर गेले. पण त्या पराभवातूनच कामगारांना स्वतःचा पक्ष हवा हे पटलं आणि जानेवारी १८९३ मध्ये याच शहरात 'इंडिपेंडंट लेबर पार्टी' स्थापन झाली. इचलकरंजीत मजुरी ठरते ती ५२ पिकांच्या (पीक म्हणजे आडव्या धाग्याची एक फेर) हिशेबानं, मीटरमागे अमुक पैसे, आणि त्या पैशांसाठी झालेले संप मी लहानपणापासून पाहिलेत. कारखानदाराच्या घरातून पाहिलेत, आणि शेजारच्या कामगारांच्या घरात चूल कशी चालायची तेही पाहिलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर पन्नास टक्क्यांपर्यंत शुल्क नेलं, तेव्हा निर्यातीचं कापड काढणाऱ्या आमच्या ओळखीच्यांचे माग थांबले होते. त्या धुराड्याखाली उभं राहून हे सगळं एका रांगेत दिसलं. ह्यांनी लेकीकडून संपाची हकीकत परत एकदा सांगून घेतली.

लिस्टर पार्क जवळच आहे. त्यात २००१ साली केलेली मोगल धर्तीची जलबाग आहे: सरळ कालवे, पायऱ्यांवरून उतरणारं पाणी, आखीव वाफे. तिथल्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. ह्यांचं बोलणं कानावर गेलं असावं (मागवाल्यांच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलतात), त्यांनी हात करून बोलावलं. "इंडिया? आओ, बैठो."

ते पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूरचे. गाव मंगला धरणात गेलं, तेव्हा साठच्या दशकात विशीही न ओलांडलेले ते काकांच्या मागोमाग इथे आले. पहिली नोकरी लोकर विंचरण्याच्या खात्यात, रात्रपाळी. "दिन में गोरे, रात में हम." उकाडा, तेलकट वास, बारा-बारा तास. एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारी माणसं, रात्रपाळीवाला उठला की दिवसपाळीवाला त्याच अंथरुणात. पुढे ते मागावर गेले. ह्यांनी विचारलं, किती माग सांभाळायचात? उत्तर आलं, आणि मग दोघं असे काही सुरू झाले की मी आणि लेक उठून बागेला फेरी मारून आलो. परत आलो तर धागा तुटला की माग आपोआप कसा थांबायचा, हे ते काका बोटांनी दाखवत होते. दोन्ही कानांत श्रवणयंत्रं. "मशीन ने ले लिए," ते म्हणाले. गिरणी बंद झाल्यावर त्यांनी टॅक्सी चालवली. नात डॉक्टर आहे. उठताना त्यांनी ह्यांच्या तळव्याला हात लावून पाहिला, बोटांच्या पेरांवरची जुनी घट्टं चाचपली आणि मान हलवली.

याच बागेत कार्टराइट हॉल हे कलादालन आहे. ज्याच्या नावानं आमचं गाव पोट भरतं तो हा एडमंड कार्टराइट, पेशानं पाद्री, १७८५ मध्ये यंत्रमागाचं पेटंट घेणारा. लिस्टरनं चाळीस हजार पौंड देऊन त्याच्या स्मरणार्थ ही वास्तू उभारायला लावली, आणि ती उघडली १९०४ साली. मी दारातल्या पाटीसमोर थबकले. १९०४ सालीच विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. इकडे यंत्रमागाच्या जनकाचं स्मारक होत होतं, तिकडे जहागिरीतल्या एका गावात त्याचा पहिला खडखडाट सुरू होत होता. शाळेत मी मुलांना दातारांचं नाव शिकवलं, पण त्याच वर्षी इथे काय चाललं होतं ते मला या पाटीपाशी कळलं. लेकीला पाटीचा फोटो काढायला लावला आणि गावच्या गटावर तिथूनच पाठवला.

आत टर्नर पारितोषिकाचं प्रदर्शन लागलं होतं. आधुनिक कलेतलं मला थोडं कळतं, पण एनेना कालू यांच्या कलाकृतींसमोर मी बराच वेळ उभी राहिले: कापड, दोऱ्या, चकचकीत फिती गुंडाळत-गुंडाळत केलेले मोठमोठे लोंबते आकार. हातानं गुंडाळण्याची लय ओळखीची होती, कांडी भरतानाची. डिसेंबरात पारितोषिक त्यांनाच मिळाल्याचं घरी परतल्यावर वाचलं आणि फार आनंद झाला.

रविवार : सॉल्टेअर

रात्रभर पाऊस. सकाळी भुरभुर. फॉर्स्टर स्क्वेअरवरून दहा मिनिटांच्या आत सॉल्टेअर. स्टेशनातून बाहेर आलं की गिरणी थेट समोर.

टायटस सॉल्टची गोष्ट थोडक्यात अशी. लिव्हरपूलच्या गोदामात पडून असलेल्या, कुणालाच नको असलेल्या अल्पाका लोकरीच्या गोण्या त्याच्या नजरेस पडल्या. दक्षिण अमेरिकेतल्या त्या प्राण्याच्या लांब, चमकदार तंतूंपासून त्यानं झिलईदार कापड विणलं, ते बायकांच्या झग्यांसाठी तुफान खपलं. ब्रॅडफर्डचा तो महापौर असताना, १८४९ मध्ये, शहरात पटकीनं शेकडो माणसं मेली. पाणी घाण, हवा घाण. शहरातला कालवा इतका सडला होता की पुढे न्यायालयाच्या हुकुमानं तो काही वर्षं बंद ठेवावा लागला. (पंचगंगेकाठच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.) सॉल्टनं सगळ्या गिरण्या एकत्र करून शहराबाहेर, एअर नदीकाठी न्यायचं ठरवलं. २० सप्टेंबर १८५३ रोजी, त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी, गिरणी सुरू झाली. लांबी ५४५ फूट. मग तिच्याभोवती कामगारांचं गाव: दगडी घरं, प्रत्येकाला पाणी आणि संडास, शाळा, दवाखाना, धुलाईघर, म्हाताऱ्यांसाठी घरं, वाचनालयासह सभागृह, बाग. रस्त्यांना त्याच्या बायकोची, मुलांची नावं. कॅरोलाइन स्ट्रीटवरून आम्ही गेलो, मग एकेक मुलगा-मुलगी. गावाला २००१ पासून जागतिक वारशाचा दर्जा आहे.

दारूचा गुत्ता मात्र गावात नको, कपडे रस्त्यावर वाळत घालायचे नाहीत. सगळं मालकाच्या इच्छेनं, आणि नोकरी गेली की घरही गेलं. घरांची उंची नीट पाहिलीत तर कळतं: रांगेच्या टोकाची मोठी घरं देखरेख करणाऱ्यांची, मधली ठेंगणी कामगारांची. तरीही त्या काळातल्या ब्रॅडफर्डच्या तळघरांपुढे हे स्वर्गच. मला दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या वाटतात. सॉल्ट वारला तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेला लाखभर माणसं रस्त्यावर होती म्हणतात.

गिरणी १९८६ मध्ये थांबली. पुढच्याच वर्षी जोनाथन सिल्व्हर या स्थानिक उद्योजकानं ती विकत घेतली आणि ब्रॅडफर्डमध्येच जन्मलेल्या चित्रकार डेव्हिड हॉकनीची चित्रं तिथे मांडली. प्रवेश फुकट. आत शिरलं की लिलीच्या फुलांचा वास येतो, दगडी फरशी, बिडाचे खांब आणि त्यांमध्ये पुस्तकं, चित्रसाहित्य, हॉकनीचे रसरशीत रंग. सूतकताईचं सगळ्यात वरचं दालन तर एवढं लांब की टोकाचा माणूस बाहुलीएवढा दिसतो. ह्यांनी खांबांमधलं अंतर पावलांनी मोजलं आणि तिथे कसे माग बसले असते ते सांगायला लागले, तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, हे कताईचं खातं होतं." "मग धुरे असणारच वरून," असं म्हणून ते छताकडे बघायला लागले. आणि धुरे, म्हणजे पट्ट्यांनी यंत्रं फिरवणारे लांब दांडे, अडकवायच्या खुणा तिथे खरोखर होत्या.

दुपारी पाऊस उघडला तेव्हा कालव्याच्या काठानं बिंगलीपर्यंत चाललो. लीड्स-लिव्हरपूल कालवा, १२७ मैलांचा. सॉल्टची लोकर याच मार्गानं यायची. पानगळीचा ऐन बहर होता, पाण्यावर तांबडी-पिवळी पानं. शेवटी 'फाइव्ह राइज लॉक्स': एकाला एक लागून दारं असलेल्या पाच हौदांच्या पायऱ्या, १७७४ साली बांधलेल्या. होडी साठेक फूट वर चढते ती नुसत्या पाण्याच्या जोरावर. एक नवरा-बायको आपली अरुंद होडी वर नेत होते. कालव्याचा राखणदार त्यांना शांतपणे सूचना देत होता, कुठलं दार आधी, कुठली झडप नंतर. आम्हालाही त्यानं दाराचा लाकडी दांडा ढकलायला दिला. पाठ लावून, पाय रोवून ढकलायचं. माझ्या आयुष्यातला हा एक मोठा आनंदाचा क्षण.

*जाणाऱ्यांसाठी:* सॉल्टेअर ते बिंगली चाल सपाट आहे, साधारण पाच किलोमीटर, म्हाताऱ्या माणसांनाही जमेल. पावसानंतर काठ चिखलाचा होतो. बिंगलीहून परतीची गाडी त्याच मार्गावर मिळते. गिरणीतली दालनं आठवड्याचे सगळे दिवस उघडी नसतात, वार पाहून बेत करा. शनिवार-रविवार उत्तम.

सोमवार : हॅलिफॅक्सचा ताग्यांचा बाजार

सोमवारी ब्रॅडफर्डची संग्रहालयं बंद, म्हणून हॅलिफॅक्स. इथला पीस हॉल गिरण्यांच्या आधीच्या जगातला आहे, १७७९ चा. आजूबाजूच्या डोंगरांतले विणकर घरच्या हातमागावर तागा विणायचे आणि खांद्यावर किंवा तट्टावर टाकून इथे विकायला आणायचे. मधे प्रचंड मोकळा चौक, चारी बाजूंनी खांबांच्या ओवऱ्या, त्यांत ३१५ खोल्या. शनिवारी घंटा झाली की दोन तास बाजार. संपला की पुन्हा घंटा. नंतर यंत्रमाग आले, गिरण्या थेट व्यापाऱ्यांना माल देऊ लागल्या आणि घरच्या विणकराचा बाजार ओस पडला. पुढे शंभर वर्षं तिथे भाजीपाला-फळांची घाऊक विक्री चालली. १९७२ मध्ये पाडायचंच घाटत होतं, ते थोडक्यात टळलं. आता नीट डागडुजी करून २०१७ पासून खुला आहे. ओवऱ्यांत लहान दुकानं, चौकात मैफली.

थंडी सणसणीत होती. एका ओवरीत गरम 'पाय', म्हणजे सारण भरून भाजलेली पेस्ट्री, वर घट्ट रस्सा आणि वाटाणे खाल्ले. मग उतारावरून डीन क्लफ पाहिलं. क्रॉस्ली घराण्याच्या गालिच्यांचा हा कारखाना एके काळी जगातला सगळ्यात मोठा. आता त्या काळ्या प्रचंड भिंतींत कचेऱ्या, नाट्यगृह, उपाहारगृहं आहेत. पाऊस लागल्यामुळे लवकर परतलो.

मंगळवार : माग सुरू झाला

ब्रॅडफर्ड इंडस्ट्रियल म्युझियम एक्लशिल भागात आहे, मूरसाइड मिल्स या १८७५ च्या खऱ्याखुऱ्या गिरणीत. प्रवेश फुकट. मध्यवर्ती भागातून बस मिळते. आधी चौकशी करून यंत्रं ज्या वेळी चालवून दाखवतात ती वेळ साधा. नुसती थांबलेली यंत्रं पाहण्यात अर्थ नाही.

एका दालनात लोकर निवडण्याचं टेबल आहे. अल्पाका आणि मोहेरच्या (अंगोरा शेळीच्या लोकरीच्या) गासड्या उघडणाऱ्या कामगारांना इथे एक रोग व्हायचा, दोन-चार दिवसांत माणूस जायचा. तो अँथ्रॅक्स होता, मेलेल्या जनावरांच्या लोकरीतून येणारा. डॉ. फ्रिट्झ ऊरिश या ब्रॅडफर्डच्याच डॉक्टरनं जिवावर उदार होऊन वर्षानुवर्षं त्या रक्ताळलेल्या लोकरीचे नमुने तपासले आणि ती निर्जंतुक करण्याची वाट सापडली. माझे वडील कापसाच्या धुळीनं आयुष्यभर खोकले. मी त्या टेबलापाशी बराच वेळ होते.

आणि मग विणकामाचं दालन. शेजारच्या कीथली गावात हॅटर्सलींचे माग बनत. अशाच एका मागासमोर निळ्या कोटातले एक पांढरे मिशीवाले गृहस्थ उभे होते. त्यांनी पट्टा लावला, दांडी ओढली, आणि आडवा धागा घेऊन धावणारा धोटा सुटला.

तो आवाज सांगता येणार नाही. ज्यांच्या घराला तो आवाज चिकटलेला आहे, त्यांना सांगायची गरज नाही. आमच्या घरात तो बंद होऊन काही वर्षं झाली होती. ह्यांनी डोळे मिटले नाहीत की काही नाही, सरळ दोरीच्या अलीकडून वाकून वहिफणी, म्हणजे ज्यातून उभे धागे ओवलेले असतात ती, बघायला लागले. मिनिटभरात त्यांनी हात वर केला. डाव्या बाजूला ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांतली, एक तार सुटली होती. मिशीवाल्यांनी माग थांबवला, पाहिलं, आणि ह्यांच्याकडे वळले. लेकीनं सांगितलं, "माझ्या वडिलांचे माग होते." त्यांनी दोरी काढली आणि ह्यांना आत घेतलं.

पुढचं सगळं हातवाऱ्यांनी. ह्यांनी तार ओवली, गाठ मारली. बोटं तीच, गाठ तीच, त्या गृहस्थांचीही तीच. मग त्यांनी ह्यांच्या हातात धोटा दिला. आमच्या धोट्यापेक्षा जड, टोकांना पितळ. ह्यांनी कांडी काढून मला दाखवली आणि मी न बोलता ती रिकामी कांडी घेऊन कशी भरायचे ते करून दाखवलं, तर ते गृहस्थ मोठ्यानं हसले. त्यांची आई याच कामाला होती, वयाच्या चौदाव्या वर्षापासून.

मी त्यांना विचारलं, हे माग चालते ठेवण्याचा खर्च कोण करतं? महापालिका, ते म्हणाले, आणि हात आमच्यासारख्या निवृत्तांचे. हात संपत चाललेत ही त्यांची काळजी. इचलकरंजीत आज असा एकही साधा माग लोकांना दाखवण्यासाठी जपलेला माझ्या पाहण्यात नाही, आणि तो चालवू शकणारी माणसं अजून शेकड्यांनी आहेत. एक शेड, चार माग, आठवड्यातून दोन दिवस: इतकं आपल्याला जमलंच पाहिजे. हे मी तिथेच ह्यांना म्हटलं आणि गावात आल्यापासून भेटेल त्याला म्हणतेय.

ह्यांनी मोबाइलमधला आमच्या शेडचा जुना व्हिडिओ काढला, माग विकण्याच्या आदल्या आठवड्यात घेतलेला. मिशीवाल्यांनी चष्मा लावून तो पाहिला, मग आवाज वाढवून पुन्हा पाहिला, आणि शेजारच्या दालनातून आपल्या दोन सोबत्यांना हाक मारली. तिघं डोकी जोडून बघत राहिले. मिनिटाला किती पीक पडतात यावर त्यांच्यात वाद लागला. ह्यांनी आकडा सांगितला, तो एकाला मान्य होईना. चार वाजता संग्रहालय बंद व्हायची वेळ झाली, तरी ते सुटेना. शेवटी व्हिडिओ आम्हाला पाठवा, इथे चालवून दाखवू, असं ठरलं. लेकीनं तो परतीच्या बसमध्ये बसल्या-बसल्याच पाठवला.